आमच्या गाडीचा निळा धूर

आमच्या घरी कुणी नवीन आलं तर लग्नाचा अल्बम मागत नाही. चहा हातात आला की म्हणतात, "वहिनी, तो गाडीचा किस्सा सांगा ना!" आता 'तो' म्हणजे नेमका कुठला? त्या जुन्या गाडीनं आम्हाला फिरवलं कमी आणि किस्से पुरवले जास्त! माळ्यावर सामान साठतं तसे साठत गेलेत. हाताला येतील तसे काढते.

हिंजवडीत काचेच्या बिल्डिंगी नुकत्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा नवरा सुधीर, दोघंही लातूरचे, नोकरी दोघांची तिकडेच, आणि घर भाड्याचं, घोटावड्यात. गाडी माझ्या सासऱ्यांची. सुधीर त्यांच्या शेजारी बसून हिच्यावरच गाडी शिकला, आणि ते गेल्यावर ती आमच्याकडे आली. तिला कुणी 'खटारा' म्हटलं की हा माणूस दिवसभर गप्प!

* * *

सकाळी चावी फिरवली की मागून भस्सकन निळा धूर. अख्खी गल्ली गायब!

आमचे घरमालक तात्या मात्र खूश. "लई ब्येस! पंचायतीचं धुराचं मशीन काय येत न्हाई, तुमी तरी मारताय. डास पळालं बगा!"

शेजारच्यांनी तर सकाळी मुद्दाम खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. एक दिवस आम्ही रजेवर होतो, तर समोरच्या काकू दारात हजर. "आज फवारनी न्हाई व्हय?"

* * *

हे कौतुक चैत्रापर्यंत टिकलं. तात्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. सुधीरनं सवयीनं चावी फिरवली आणि त्या कुरडयांवर तेलाचे काळे ठिपके उमटले.

अक्का बाहेर आल्या. आधी कुरडयांकडे बघितलं, मग गाडीकडे, मग सुधीरकडे.

"जत्रंला माज्या लेकी-जावई येनार हायेत. तवर धूर बंद झाला तर ठीक. न्हाईतर भंगारवाल्याला मीच बोलावते!"

गल्ली एवढी अरुंद की अक्कांचं अंगण सोडलं तर गाडी उभी करायला जागाच नव्हती. जत्रा महिन्यावर आलेली. सुधीर त्या दिवशी जेवला नाही. "बाबांची गाडी भंगारात घालू?" एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं, खरंच.

* * *

मग आला वानखेडे. अमरावतीचा, सुधीरच्या ऑफिसातला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करणारा. त्यानं धुराचा वास घेतला, ऑफिसच्या प्रिंटरवर गठ्ठाभर कागद छापून आणले आणि जाहीर केलं, "बग सापडला!"

इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात म्हणे, आणि प्रत्येकाच्या दांडीवर एक रबरी टोपी. तिला सील म्हणतात. जुनी झाली की टोपी कडक होते, तेल खाली झिरपतं आणि जळतं. म्हणून धूर.

"केवढी असते टोपी?" मी विचारलं.

त्यानं करंगळीचं टोक दाखवलं.

गॅरेजवाला तर म्हणाला होता, पूर्ण इंजिन खोलतो, गाडी पावसाळ्यापर्यंत ठेवून जा. म्हटलं, "काय माणूस आहे! बाटलीचं बूच गळतंय म्हणून हा स्वयंपाकघर पाडायला निघालाय!"

ठरलं. घरीच करायचं.

* * *

रविवारी सुधीरनं इंजिनावरचं झाकण काढलं आणि तात्या ओरडले, "थांबा! असंच?"

ते आत गेले आणि नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती असं सगळं घेऊन आले. आम्ही नको म्हणेपर्यंत तात्यांनी डोळे मिटून, मनोभावे, चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर हळदकुंकू उधळलं. थेट उघड्या इंजिनात!

वानखेडेनं कागद चाळले. "मॅन्युअलमध्ये ही स्टेप नाहीये!"

अर्धा दिवस आम्ही दात घासायच्या ब्रशनं कुंकू काढत होतो. तात्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रसाद म्हणून खोबरं वाटत राहिले.

* * *

पुढची भानगड अशी की व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली इंजिनात पडू शकतो. पडला की संपलं! म्हणून प्लगच्या भोकातून आत मऊ दोरी भरायची आणि पिस्टन हातानं वर आणायचा, म्हणजे दोरी दबून व्हॉल्व्हला खालून आधार देते. नायलॉनची दोरी चालत नाही, धागे सुटतात. सुती हवी.

सुती दोरी कुठून आणणार? माझ्याकडे परकराच्या नाड्यांचं नवंकोरं बंडल होतं. तेच दिलं. मीच विणायच्या सुईनं नाडी आत सारत होते, तेवढ्यात सुधीरचे साहेब फाटकात! सहज म्हणून फिरायला निघाले होते. बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"इंजिनाला परकर नेसवतेय!"

साहेब चहा न घेता गेले. सुधीरला ऑफिसात नंतर कुणीही गाडीबद्दल विचारलं नाही.

* * *

आता मात्र खरा किस्सा. यात कोंबडी आहे.

सगळ्या सील बदलून झाल्या होत्या. उरली एकच स्प्रिंग. स्प्रिंग जागेवर धरून ठेवायला लोखंडाचं बारीकसं लॉक असतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. सुधीरचा हात निसटला, टण्‌कन आवाज झाला, लॉक उडालं आणि अंगणात पडलं. आम्ही तिघं वळेपर्यंत अक्कांच्या तांबड्या कोंबडीनं ते टिपलं आणि मान वर करून गिळलं!

पुण्यात सगळीकडे विचारलं. त्या मापाचं लॉक मागवावं लागेल, वेळ लागेल, म्हणाले. जत्रा तर रविवारवर आलेली! वानखेडे स्पीकरमधलं मॅग्नेट काढून कोंबडीच्या मागे-मागे फिरायला लागला. लोक विचारायचे, काय चाललंय? तो म्हणायचा, "आउटपुटची वाट बघतोय."

आउटपुट काही येईना. शेवटी सुधीर अक्कांसमोर जाऊन उभा राहिला. "अक्का, ही कोंबडी मला द्या. बदल्यात दुसरी आणून देतो."

"ती भैरोबाच्या नवसाची हाय. जत्रंआधी सुरी लागायची न्हाई."

"अक्का, जत्रेपर्यंत थांबलो तर गाडी जाईल हो! बाबांची गाडी आहे ती." बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

अक्कांनी पदर खोचला. कोंबडी काखेत मारली, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला देवळात. त्यालाच इचारू."

देवळात कौल लावायची पद्धत. देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवानं विचारलं, "नवस कशाचा हाय, आक्का?"

"त्ये माजं नि देवाचं हाय. तू फूल लाव!"

गुरवानं लावलं. डावं पडलं. सुधीर परत जायला वळला.

अक्का देवावरच उखडल्या. "आरं, नीट आयकून तरी घे! पोरगं रडाया आलंय आन तू डावं देतुयास? लाव रं पुन्यांदा!"

गुरवानं घाबरत पुन्हा लावलं. उजवं पडलं!

"आता कसं!" म्हणत अक्का गाभाऱ्यातून बाहेर आल्या.

कोंबडी कापली, तेव्हा ती खडे साठवते त्या पोटातल्या पिशवीत लॉक मिळालं, घासल्यासारखं लख्ख. सुधीरनं ते बसवलं. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी गल्ली जमली, त्यानं चावी फिरवली, आणि मागे काही म्हणजे काही नाही! वानखेडेनं धुराच्या नळीला नाक लावून बघितलं. सुधीर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता की रडत होता, मला अजून सांगता येत नाही.

मी अक्कांना म्हटलं, "नवसाची कोंबडी आमच्यापायी आधीच गेली. उद्या जत्रा. तुमच्या नवसासाठी आम्ही दुसरी आणतो."

"आता दुसरी कशाला?"

"अहो, नवस फेडायचा राहिला ना!"

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, नवसच त्यो हुता. ह्या पोराच्या गाडीचा धूर थांबू दे म्हनून!"