मंगळवारची फाईल

"म्हणजे फोटो आले आणि फाईल नाही?" सावंत साहेबांनी विचारलं.

"हो."

"कसले फोटो?"

"तुमच्या पुतण्याच्या साखरपुड्याचे."

वाईजवळ स्ट्रॉबेरी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. सावंत तिथले मॅनेजर. मी साताऱ्याची, अशा सात-आठ कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. बुधवारी संध्याकाळी कोल्ड रूमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. गुरुवारी मी नवी टाकली आणि बॅकअपमधून, म्हणजे रोज काढून ठेवलेल्या कॉपीतून, सगळं परत आणलं. आली नाही ती फक्त तापमानाची फाईल. शुक्रवारी दहाला ऑडिटर नेमकी तीच बघायला येणार होत्या. सीझनभराची नोंद दाखवता आली नाही, तर माल बाहेर पडणार नव्हता.

कारण साधं होतं. तापमान नोंदवणारा प्रोग्राम चोवीस तास चालतो आणि आपली फाईल सतत उघडी ठेवतो. दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाही. याला फाईल लॉक होणं म्हणतात. क्लार्क रजिस्टरमध्ये लिहीत बसलाय आणि तुम्हाला त्याच रजिस्टरची झेरॉक्स हवीय, तसं. बॅकअप थोडा वेळ थांबतो, मग ती फाईल सोडून पुढे जातो. रिपोर्टवर वर हिरवी टिक येते आणि खाली बारीक अक्षरात 'एक फाईल वगळली'. सीझनभर मी टिक बघून रिपोर्ट बंद करत होते. साहेबांना हे सांगताना मी कीबोर्डकडे बघत होते.

बॅकअप रोज दुपारी एकला व्हायचा आणि मागच्या सात दिवसांच्या सात वेगळ्या कॉपी राहायच्या. मी बुधवारची लावली होती. आता बाकीच्या उघडत गेले. सोमवार, नाही. रविवार, नाही. चुकून मंगळवार मधेच राहिला होता, तो उघडला. फाईल होती, सीझनच्या पहिल्या दिवसापासून मंगळवार दुपारी एकपर्यंतची.

आधी जिवात जीव आला. मग शंका आली. मंगळवारीच लॉक कसं सुटलं? फाईल नीट बघितली, तर आधीच्या दर मंगळवारी एक ते एक वीस नोंदच नव्हती.

कोल्ड रूमचे ऑपरेटर माने मामा दारात उभे होते. माण तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"मामा, मंगळवारी एक वाजता काय होतं?"

मामांनी आधी साहेबांकडे बघितलं. "जेवायची सुट्टी आस्ती."

"आणि प्रोग्राम?"

"बंद करतुय. मंगळवारी एकजण नेटवर जत्रातल्या कुस्त्या टाकतो बगा. ह्यो प्रोग्राम चालू आसला की कंपुटर लय दमतो. वर उचललेला पैलवान खाली यायला माजा डबा संपतो."

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "यांना मेमो द्यायचा की बुके, तेवढं सांगा."

शुक्रवारी ऑडिटर बाईंनी दहा मिनिटांत त्या रिकाम्या जागा शोधल्या. साहेबांनी "काही टेक्निकल कारणामुळे" अशी सुरुवात केली.

"कुस्ती बगत हुतो, बाई," माने मामा म्हणाले. "दार बंद हुतं. आत कुनी गेलं न्हाई."

बाईंनी आधीच्या प्रत्येक मंगळवारचं एकच्या आधीचं आणि वीस मिनिटांनंतरचं तापमान तपासलं. सगळीकडे उणे अठराच्या आसपास.

"मला सगळे वीज गेली होती असं सांगतात," त्या म्हणाल्या. या मंगळवारी दुपारनंतरची नोंद हार्ड डिस्कबरोबर गेली होती, तेही त्यांनी लिहून घेतलं. दोन शेरे मारले आणि माल सोडला.

मी प्रोग्राम बदलून घेतला. आता तो दर तासाला जुनी फाईल बंद करून नवी उघडतो. बंद झालेली फाईल बॅकअपला सहज मिळते आणि तिची कॉपी लगेच निघते. गेलं तर तासाभराचं जाईल. साहेबांनी मामांना ऑफिसातला जुना लॅपटॉप दिला, मेमो दिला नाही.

आणि मी आता महिन्यातून एकदा प्रत्येक कारखान्याच्या बॅकअपमधून एक फाईल परत काढून उघडून बघते. उघडली, तरच बॅकअप झाला असं म्हणते.