जीपखाली टांगलेला आईचा बंब

आमच्या लालबागच्या चाळीत मोटर अशी एकच, आणि तिला मोटर म्हणणं म्हणजे माकडाला मामलेदार म्हणण्यासारखं. लष्कराच्या भंगारातून दादानं ती जीप उचलली होती. ही डोंगरातून चालते, चिखलातून चालते, नदीतून चालते, असं विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलेलं. खोटं नव्हतं ते. फक्त रस्त्यावर चालायचं तिला जमत नसे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरण्या बंद, ट्राम बंद, संचारबंदी, नाक्यावर बंदूकवाले पोलीस. अशा एका भर दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. चाळीतली सुईण हात पुसत बाहेर आली. "मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. परळला न्या, आणि आत्ता न्या."

मागच्या खेपेला दादानं वहिनीला हातगाडीवरून नेलं होतं. मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून खाली हातगाडी खडखडली की वहिनी कानांवर हात ठेवी. जीप घेतली ती त्यासाठी. धंदा करीन, माल वाहीन, हे दादा लोकांना सांगे त्या सगळ्या थापा, आणि थापांच्या बाबतीत आमच्या घरात माझ्यानंतर त्याचाच नंबर.

दादानं जीप सुरू केली आणि असा बार झाला की शिवडीच्या खाडीतले बगळे ठाण्याला जाऊन बसले. सायलेन्सर गंजून मधोमध तुटला होता. मागचा डबा पापडासारखा चुरा होऊन खाली पडला. चाळीच्या खिडक्या धडाधड मिटल्या. नाक्यावरून शिट्टी वाजली. त्याच आठवड्यात गोळीबारात माणसं पडली होती. असले बार काढत नाक्यावर गेलो असतो, तर आधी गोळी आली असती आणि चौकशी मागाहून.

"दुसरा आणू?" मी विचारलं.

"आण की," दादा जीपखालून म्हणाला. "दुकानं उघडी दिसली तर दोन आण, एक तुझ्या तोंडाला लावू."

वरून वहिनीचं ओरडणं आलं. दादाचे हात थांबले. डोळ्यांत गंज गेला म्हणाला. गंजानं माणूस हुंदके देत नाही.

मी घराघरांतून पोकळ वस्तू शोधत सुटलो. फुंकणी आणली, तेलाचा डबा आणला, भजनी मंडळाचा पखवाजही उचलणार होतो. मग आमच्याच मोरीत नजर गेली. तांब्याचा बंब. होणाऱ्या बाळंतिणीच्या न्हाण्यासाठी आईनं चिंच लावून असा घासलेला की त्यात बघून दाढी करावी.

"बंबाक हात लावू नको," आई म्हणाली. "मगे सुनेक न्हाऊक पाणी खंय तापवू, तुझ्या डोक्यार?"

"आई," दादा दारात उभा होता, "न्हाणारी आधी जगू दे."

 बंब आईनंच उचलला, क्षणभर पाठमोरी वाकली, आणि आणून दादाच्या हातात दिला.

पाणी ओतायच्या तोंडात पुढचा तुटका पाइप खुपसला. तोटी काढून टाकली, म्हणजे त्या भोकातून धूर बाहेर. सांध्याला गिरणीच्या बॉयलरला लावतात तो न जळणारा दोर गुंडाळला, तारेनं आवळला. जीप सुरू झाली ती अजगराला उचकी लागल्यासारखी, घुम् घुम्. माझा विश्वास बसेना.

मागे गोधडीवर वहिनी, तिचं डोकं आईच्या मांडीवर. मी पांढरं फडकं हलवत पुढे. नाका आला, आणि बरोबर पोलिसांच्या समोर इंजिन गुदमरलं. बंद. दादा किल्ली फिरवतोय, जीप नुसती कण्हतेय. वहिनीचा आवाज मात्र थांबला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

हवालदार बंदूक रोखून आला. दादा हात वर करायचं सोडून जीपखाली शिरला. बंबाच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. आईच्या अंबाड्यातला आकडा घेऊन त्यानं टोकरलं, तशा आतून काळ्यापांढऱ्या लाह्या रस्त्यावर सांडल्या.

"हे काय?" हवालदारानं विचारलं.

"मूठभर भात घातलंय, सालीसकट," आई म्हणाली. "रिकामा भांडा घराभायर काढतत काय कोण? आणि असल्या कामाक?"

दादानं तिच्याकडे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. पण हवालदारानं बंदूक खांद्याला अडकवली. "आमची आई ओटीभर गहू घालते," म्हणाला, आणि मागून जीप ढकलायला लागला. मी म्हणतो, इस्पितळापर्यंत ढकलत आला. दादा म्हणतो, दहा पावलांत इंजिन लागलं. दादाला त्या दिवशी काही दिसत नव्हतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो.  आईच्या मुठीत रस्त्यावरून वेचलेल्या लाह्या होत्या; ती एकेक करून मोजल्यासारखी दाबत होती. आतून रडणं आलं तेव्हा ते कुणा दुसऱ्याचंच मूल असेल, अशी आमची खात्री होती. दाई दारात आली आणि दादाला म्हणाली, "मुलगी. आईही बरी आहे." दादा उभा राहिला आणि परत बसला.

बंब ठोकून सरळ केला. आईनं चिंच लावली, राख लावली, पण वास गेला नाही. माझ्या पुतणीची जन्मातली पहिली अंघोळ पेट्रोलच्या पाण्यानं झाली, आणि आई तिला पुसताना रोज म्हणायची, "रिकामा न्हेला असता तर?"