परबांच्या सुनेचा पासवर्ड

संध्याकाळी भाजी निवडताना सून ऑफिसातली एखादी गंमत सांगायची. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मेथीच्या देठांसारखे किस्से साचत गेले. मी सांगतेय, नात लिहून घेतेय.

आटपाट अंधेरी होती. तिथे एका कंपनीत एसीची खोली, खोलीत मोठा कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरपाशी माझी सून सुनंदा परब. नोकरी टेम्पररी. परमनंट करायचं की घरी बसवायचं, ते देसाईसाहेबांच्या हातात.

*

साहेबांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी पासवर्ड बदला. कमांड टाइप करायची, मग नवा पासवर्ड टाकायचा. पण शेजाऱ्याने वाचू नये म्हणून तो पडद्यावर उमटत नाही.

अकाउंट्सचे गावकर दाबतायत, दाबतायत. "सुनंदाबाई, कीबोर्ड मेला!"

"मेला नाही हो. दिसत नाही, पण आत जातंय."

"म्हणजे नैवेद्यासारखं!" म्हणाले, आणि डोळे मिटून टाइप करायला लागले.

*

टायपिस्ट पिंटोची वेगळीच तऱ्हा. चूक होऊ नये म्हणून मशीन नवा पासवर्ड दोनदा मागतं. हा पहिल्यांदा एक देई, दुसऱ्यांदा दुसराच.

"अरे, दोन्ही वेळा तोच दे ना!"

"तोच? परत मागितला तेव्हा मला वाटलं, पहिला आवडला नाही!"

*

मग साहेबच स्वतःचा पासवर्ड विसरले! 'रूट' नावाचं एक मुख्य खातं असतं. त्यातून कुणाचाही पासवर्ड बदलता येतो. त्याचा पासवर्ड साहेबांना आणि सुनंदाला, दोघांनाच ठाऊक.

"माझा जुना काय होता, बघून सांगा."

"बघता येत नाही साहेब, नवा देता येतो."

"मग रूट काय कामाचं?"

"हरवलेली किल्ली सापडत नाही साहेब, कुलूप बदलून मिळतं."

*

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आदल्या दिवशी घाईघाईत सुनंदाने आपला पासवर्ड बदलला. पण ती बसली होती रूटमध्ये, आणि कमांडपुढे स्वतःचं नाव लिहायचं विसरली. झालं! तिचा राहिला तसाच, रूटचा बदलला. तिला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घाटकोपरच्या खोलीत बायका ओळीने बसलेल्या, आणि दारात देसाईसाहेब, घामाघूम.

"सुनंदाबाई, रूट उघडत नाही! संध्याकाळी पार्टी काम द्यायच्या आधी मशीन बघायला येणार. पासवर्ड काय ठेवलात?"

तिच्या लक्षात आलं. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं.

"सांगत का नाही? असं वागलात तर परमनंट कसं करू मी?"

"आई..." एवढंच म्हणाली, आणि लाजून लालेलाल. मी ओळखलं. आमच्यात नवऱ्याचं नाव नुसतं घेत नाहीत, त्यातून सासूसमोर!

"अगं, मग रीतीने घे की!" मी म्हटलं.

"घे गो, घे नाव!" बायकांनी एकच गलका केला.

पदर सावरून ती उभी राहिली:

"कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत नाही खूण,
सुधाकररावांचं नाव घेते परबांची सून!"

टाळ्या पडल्या. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "राव धरून, की राव सोडून?"

"सोडून, साहेब. इंग्रजी आठच अक्षरं मावतात तिथे. रावांना जागा नाही."

तिळगूळ घेऊन साहेब पळाले. पार्टीने मशीन पाहिलं, काम मिळालं. आठवड्याभरात सुनंदा परमनंट झाली. तिला बोलावून साहेब म्हणाले, "आता रूटचा पासवर्ड बदला, बाई. अख्ख्या चाळीला कळलाय. आणि या वेळी तोंडाने सांगता येईल असा ठेवा."

"सांगता आला तर तो पासवर्ड कसला, साहेब?"