चेन डॉक्टरांना हाक

चेन डॉक्टरांच्या खुर्चीत मी आ वासून बसलेलो, दाढ काढून घ्यायला. तेवढ्यात कुरिअरवाला दारातून फौजदारासारखा ओरडला, "चेन कोण आहे?" डॉक्टरांच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

"बासष्टला चीनशी युद्ध झालं तेव्हा पोलिसांनी आजोबांना अशीच हाक मारून छावणीत नेलं," ते म्हणाले.

चेन हे म्हणे चीनमधल्या एका बुडालेल्या राज्याचं नाव. लोकांनी ते आडनाव करून जपलं, बोटीतून कलकत्त्याला आणलं, तिथून आमच्या बाजारपेठेत. गाव सुटलं तरी आम्हीपण त्याच्या नावाला 'कर' लावून मिरवतोच की! पण त्या नावानं कुणी हाक मारली, तर आमच्या हातातलं काही पडत नाही.

घरी, बाजारात हा किस्सा ऐकून आलेला भाऊ म्हणाला, "नकल्या, कुरिअरवाला करून दाखव ना!"

तोंडात कापूस आहे, असं मी खुणेनं सांगितलं. कापूस तर वाटेतच थुंकला होता.