माझ्या स्कूटरमधली माशी

शेजारच्या मास्तरांनी मला फसवलं. राजापेठेत माझी भांड्यांची दोन दुकानं आहेत. मला सहसा कोणी फसवत नाही.

मास्तर परतवाड्याच्या जंगलातल्या आणि आमच्या गल्लीतल्या रानमधमाश्या वहीत नोंदवतात. माशी दिसली की चपला काढून उभे राहतात आणि कुजबुजत बोलतात. अशाच एकीनं माझ्या स्कूटरच्या किल्लीच्या भोकात गुलाबाच्या पानांचे तुकडे कोंबले.

"मास्तर, काढा हे! मले अकोल्याले जा लागते!"

"हळू बोला भाऊ, ते घर बांधून राहिली. महिनाभर गाडी राहू द्या."

घासाघीस करून मी आठ दिवसांवर आणलं, वर त्यांची सायकल मागून घेतली. ते लगेच हो म्हणाले, तिथंच मला संशय यायला हवा होता. आठ दिवस मी गिऱ्हाइकांना घरी आणून 'माझी माशी' दाखवली.

नवव्या दिवशी तिनं, याच आठ दिवसांत मास्तरांनी तिच्यासाठी आपल्या भिंतीवर टांगलेल्या बांबूच्या नळीत बिऱ्हाड हलवलं. अंडं मात्र माझ्याच गाडीत. आता किल्ली घालायला माझा हात होत नाही. आणि वहीत नोंद काय? 'राजापेठ, घरची भिंत.'

मास्तर, बाळंतपण माझ्या गाडीत झालं, मग नाव तुमच्या भिंतीचं कसं? चपला घाला, बाहेर या आणि मोठ्यानं उत्तर द्या!