ढिगात एकच हात

आमच्या लॅबमध्ये स्लाइड ठेवायला कपाटं आहेत, किश्श्यांना मात्र जागा नाही. ते तोंडातोंडी साठतात आणि दर वेळी थोडे फुगतात. पनवेलची ही छोटी पॅथॉलॉजी लॅब आम्ही तिघं चालवतो: पॅथॉलॉजिस्ट मॅडम, सीनियर टेक्निशियन सलीमभाई आणि मी.

*

स्वादुपिंडातल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा म्हणजे शेवयांचा चुरा. एकदा एका पेशंटच्या जावयाने हॉस्पिटलातून आणलेली बाटली उजेडात धरून हलवली. "यात काहीच नाही! सासऱ्यांना तासभर आत ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी केलं काय?"

मी भिंगातून तुकडा दाखवला. तो म्हणाला, "एवढ्याशा धाग्यावरून अख्खा माणूस सांगणार?"

सलीमभाई म्हणाले, "आम्ही फक्त गाठ सांगतो साहेब. माणूस तुम्ही सांभाळा!"

*

न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, किती वेगाने वाढतेय, त्यावर तिची ग्रेड ठरते. वाढणाऱ्या पेशी रंग दिल्यावर तपकिरी दिसतात. स्लाइडच्या फोटोची प्रिंट काढायची आणि पेनाने टिक करत त्या मोजायच्या. मध्ये बोलायचं नाही!

सलीमभाई मोजत होते आणि भाभींचा फोन आला. "येताना लिंबं किती आणताय?"

"चारशे बारा!"

भाभींनी पुढचा फोन थेट मॅडमना केला. "यांची तब्येत बरी आहे ना?"

*

मोजायचं कुठे? तर जिथे तपकिरी ठिपक्यांची गर्दी सगळ्यात जास्त, तिथे. हा मॅडमच्या अंगवळणी पडलेला नियम.

सलीमभाईंच्या पुतण्याच्या वलिम्याला, म्हणजे लग्नाच्या मेजवानीला, त्यांच्या मोठ्या भावाने सहज विचारलं, "मॅडम, किती लोक असतील?" मॅडमनी बिर्याणीसमोरची गर्दी मोजली आणि त्यावरून अख्ख्या हॉलचा आकडा सांगितला. भाईजानने घाबरून आणखी एक डेग चढवली. आम्ही दोन दिवस लॅबमध्ये बिर्याणी खाल्ली!

*

पण सुई गर्दीतच जाईल, हे कोण सांगणार? तिला मिळेल तो तुकडा.

उरणकडचे म्हात्रे काका रिपोर्ट घेऊन थेट आमच्याकडे आले. पिढीजात मिठागरवाले. सुईच्या तुकड्यात ग्रेड एक, म्हणजे सगळ्यात संथ. सर्जन म्हणाले होते, गाठ लहान आहे, लक्ष ठेवू किंवा काढू, तुम्ही ठरवा. काकांना ठरवता येईना.

"मॅडम, या सुईवर भरवसा ठेवू का?"

"बहुतेक वेळा बरोबर येतं, काका. पण कधी कधी गाठ काढल्यावर ग्रेड वर जाते."

काकांनी रिपोर्टची घडी घातली. "आमच्याकडं व्यापारी यायचा. ढिगात एकच हात घालायचा. पांढरं मीठ आमी कुठं ठेवायचो, सांगा."

"वर."

"मंग तुमची सुई कुठं गेली?"

मॅडम हसल्या नाहीत. "ते मला माहीत नाही, काका."

काकांनी गाठ काढून घेतली. ती आमच्याकडेच आली. बहुतेक सगळीकडे संथ, आणि एका कोपऱ्यात तपकिरी ठिपक्यांची दाटी. ग्रेड दोन! मॅडमनी दोनदा मोजलं, मग सलीमभाईंना मोजायला लावलं. त्या दिवशी चहा तसाच राहिला. गाठ पूर्ण निघाली होती, पण आपलाच पहिला रिपोर्ट चुकला हे काकांना सांगायचं कसं, याची मॅडमना धास्ती होती. मलाही होती.

टाके निघाल्यावर काका आले. मॅडमनी सरळ सांगून टाकलं. काकांनी ऐकून घेतलं आणि पाच किलोची पिशवी टेबलावर ठेवली. "आमच्या आगराचं मीठ. तुमच्यासाठी आणलंय."

मॅडमनी पिशवीची गाठ सोडली, बाही वर केली आणि हात थेट तळापर्यंत घातला.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "अवो मॅडम, वरचंच घ्या!"