चिठ्ठीत निघालेली बाजू

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेतल्या बाकांनाही ठाऊक आहे. मुलं पाठीमागे मला कुकर म्हणतात. अशा बाईने नववीच्या वर्गाला शांतपणे वाद घालायला शिकवायचं, म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण करणार काय? निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलवर आलेल्या कसल्याशा मजकुरावरून दोन मुलं अशी भिडली, की कंपासपेटी एकाच्या कपाळावर बसली. टाके पडले.

तेव्हापासून नागरिकशास्त्राचा शनिवारचा तास मी वादासाठी ठेवला. चिक्कीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी बाजू निघेल ती त्याने मांडायची, पटो न पटो. आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की तो स्वतः ‘व्हय, हेच’ म्हणाला पाहिजे. मी लोणावळ्याहून एसटीने येते. बसमध्ये विषय सुचायचे आणि मी स्वतःवरच खूश व्हायचे.

त्या शनिवारचा विषय होता, जमिनी घेणाऱ्या बंगलेवाल्यांनी भिंत घालावी की नाही. बसच्या खिडकीतून मला रोज एक भिंत चढताना दिसायची. ती जमीन आमच्या शाळेच्या समितीतल्या एका शेतकऱ्याने मुंबईच्या पार्टीला विकली होती. गाव त्यांना भाऊ म्हणतं. त्यांनाही मी मोठ्या हौसेने ऐकायला बोलावलं.

डोंगरावरच्या ठाकरवाडीतून एक मुलगी वर्गात येते. चिठ्ठी उघडली आणि ती माझ्या टेबलापाशी आली. “बाई, ही भिंतीची बाजू नको मला. बदलू का?”

“चिठ्ठी बदलायची नाही म्हणजे नाही!” माझी शिट्टी झाली. “हाच तर धडा आहे.” ती गपचूप जागेवर गेली.

आणि काय बोलली म्हणून सांगू! सुट्टीला येणारे पर्यटक बांधावर गाड्या लावतात, बाटल्या फोडतात, मग भातलावणीच्या वेळी काचा पायात जातात, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आपल्या घराला कडी लावताना आपन कुनाला इचारतो का?” वर्गाने टाळ्या वाजवल्या. भाऊंनी मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतला. माझा तर ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शाळेच्या शिपाईमामांनी मला गावाच्या ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ दाखवला. त्यात फक्त कडीचं वाक्य होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘वाडीची पोरगीच म्हनते भिंत पायजे. आता कशाला बोंबलता?’

मामांनीच मग उलगडून सांगितलं. वाडीची शाळेला, दवाखान्याला, बाजाराला यायची पायवाट त्याच जमिनीतून जाते. भिंतीच्या कामाने ती आताच अडलीय; भिंत पुरी झाली की कायमचा डोंगराला वळसा, दीड तासाचा. म्हणून वाडी ग्रामसभेत भांडत होती, आणि मी त्यांच्याच पोरीच्या तोंडून त्यांच्याविरुद्ध बोलवून घेतलं होतं. सात वर्षं मी इथे शिकवते. ती कुठून चालत येते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर वाडीवर गेले. तिचे वडील अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मी माफी मागितली आणि लगेच सवयीने समजावायलाही लागले, की दुसऱ्याची बाजू कळली म्हणजे माणूस कसा शहाणा होतो. त्यांनी हात वर केला.

“बाई, पोरीला दुसऱ्याचं बोलाया शिकवलंत. झ्याक शिकवलंत. आमचं बोलाया कवा शिकवनार? आन् आता येवढा वळसा घालून तिला कशापायी धाडू?”

मुलगी दाराआड उभी होती. ती पुढे आली. “बाई, तुमाला कुटली चिठ्ठी निघालेली?”

त्या डब्यात मी कधी हातच घातला नव्हता. शिक्षकाने बाजू घ्यायची नसते, हे वाक्य मी इतकी वर्षं छत्रीसारखं डोक्यावर धरून फिरत होते. उतरताना दोनदा पाय घसरला. त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. भाजी करपली, वह्या तपासायच्या राहिल्या, वर्गात विनाकारण खेकसले.

ग्रामसभा भरली. मी काही त्या गावची मतदार नाही, पण सरपंचबाईंनी व्हिडिओचा खुलासा करायला मला उभं केलं. दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं, असं ठरवूनच गेले होते. तो वर्गातला पाठ होता, ते मुलीचं मत नव्हतं. एवढं बोलले.

“त्ये समजलं, बाई,” भाऊ म्हणाले. “मग तुमचं सोताचं मत काय?”

समितीतला माणूस विचारतोय, भर सभेत! राग सणकन डोक्यात गेला आणि त्याच्या मागून नोकरीची भीती आली. तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात वाडीची ती मुलगी बसलेली दिसली. मी घोटभर पाणी प्यायले. मग आधी भाऊंचंच सांगितलं. जमीन तुमची, विकायचा हक्क तुमचा. काचेने तुमचाच बैल लंगडा झाला. आणि भिंत अडली तर मुंबईच्या पार्टीला दिलेला शब्द मोडल्याचा बट्टा तुम्हालाच लागणार. “बरोबर?”

“व्हय, हेच,” भाऊ म्हणाले.

“आणि तरीही वाट राहिली पाहिजे. माझी चिठ्ठी ही.”

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. निकाल काही लागला नाही. प्रकरण वडगावला तहसीलदारांकडे गेलं, तिथे ते कधी हलेल देव जाणे. भाऊ आता माझ्याशी मोजकंच बोलतात. भिंत चढतेच आहे.

पुढच्या शनिवारी वादाचा तास बराचसा सरला होता. दारात ती उभी, वळसा घालून आलेली, घामाने निथळत. “बा म्हनला, बाई बोलल्या, आता तू जा.”

उशिरा येणाऱ्यांना मी दारातच उभं करते. तिला म्हटलं, ये. डबा तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला.

“आज चिठ्ठी नको, बाई. आज माझंच बोलते.”

घंटेला दहा मिनिटं होती. मी डब्याला झाकण लावलं आणि म्हटलं, बोल.